फेफरे, मूर्च्छा आणि श्वानाचे हृदय : एका वैद्यकीय संभ्रमाचा इतिहास

प्रास्ताविक

अंगणात खेळणारा कुत्रा एकाएकी कोसळतो. पाय ताठ होतात, मान मागे खेचली जाते, कधी लघवी होते. मिनिटभराने तो उठतो आणि इकडेतिकडे पाहू लागतो. घरातली मंडळी म्हणतात, "फेफरे आले." हे निदान बरोबर असू शकते, तसे ते पूर्णपणे चुकीचेही असू शकते. मेंदूतील विद्युत्‌क्रिया बेबंद झाली तरी प्राणी कोसळतो आणि हृदयाचे ठोके क्षणभर थांबून मेंदूला रक्त मिळेनासे झाले तरीही कोसळतो. पहिल्या प्रकारास अपस्मार अथवा फेफरे म्हणतात, दुसऱ्यास मूर्च्छा. पाहणाऱ्याच्या डोळ्यांना दोन्ही दृश्ये पुष्कळदा सारखीच दिसतात.

माणूस शुद्धीवर आल्यावर छातीत धडधड झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली, असे काही तरी सांगू शकतो. कुत्र्याला ती सोय नाही. त्यामुळे त्याच्या आजाराचे नाव पाहणाऱ्यानेच ठरवावे लागते आणि नाव चुकले की उपचारही चुकतो. हृदयाच्या रोग्याला अपस्माराचे औषध दिले जाते व मूळ रोग वाढत राहतो. उलट अपस्माराच्या रोग्याला पूर्वी पिसाळलेला समजून गोळी घातली जाई. मेंदू आणि हृदय यांच्यातील हा संभ्रम कसा निर्माण झाला, तो कोणी आणि कसा सोडवत नेला आणि त्या कामी स्वतः श्वानाचा वाटा किती होता, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

शब्दांची साक्ष

रोगाचा इतिहास त्याच्या नावात दडलेला असतो. ग्रीक भाषेतील 'एपिलेप्सिया' या शब्दाचा मूळ अर्थ 'पकडणे, झडप घालणे' असा आहे. रोग्याला बाहेरून कोणी तरी धरले, ही त्यामागील कल्पना होय. अरबीत या रोगास 'सरअ' म्हणतात. त्याच्या धातूचा अर्थ 'आपटणे, चीत करणे' असा असून कुस्तीचा निर्देशही त्याच धातूने होतो. संस्कृतातील 'अपस्मार' हा शब्द मात्र स्मृतीच्या नाशाकडे लक्ष वेधतो. ग्रीकांनी झडप पाहिली, अरबांनी पडणे पाहिले आणि आपल्याकडील वैद्यांनी शुद्ध हरपणे पाहिले. एकाच घटनेची ही तीन निरीक्षणे आहेत.

मूर्च्छेसाठी अरबीत 'गशी' हा वेगळा शब्द आहे. त्याचा धातू 'झाकणे' या अर्थाचा असून डोळ्यांवर पडदा यावा तसे शुद्धीवर आवरण येणे, हा त्याचा भाव आहे. उर्दूतील 'गश खाना' हा वाक्प्रचार याच कुळातला. चरकसंहितेतही अपस्मार आणि मूर्च्छा यांचे विवेचन स्वतंत्र ठिकाणी केलेले आढळते. याचा अर्थ असा की, हे दोन रोग वेगळे आहेत याची जाणीव पूर्वेकडील वैद्यकात फार जुनी आहे. सामान्य बोलीत मात्र ही रेषा पुसट झाली. मराठीतील फेफरे, घुरे, आकडी, भोवळ, घेरी हे शब्द एकमेकांच्या हद्दीत सर्रास शिरतात आणि अलीकडे तर 'फिट' या एका शब्दाने सर्वांची जागा घेतली आहे.

हृदय की जठरमुख?

इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास लिहिलेल्या 'पवित्र रोगा'वरील हिपोक्रेटिक ग्रंथाने अपस्माराचे स्थान मेंदूत आहे, असे ठामपणे मांडले. या ग्रंथाने आपल्या प्रतिपादनासाठी पशूचा आधार घेतला, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. शेळ्यांना हा रोग होतो आणि अशा शेळीचे डोके फोडून पाहिल्यास मेंदू पाण्याने भरलेला व दुर्गंधीयुक्त आढळतो, तेव्हा रोगामागे दैवी कोप नसून शरीरातील विकार आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. माणसाच्या अपस्मारावरील सर्वांत जुन्या तर्कशुद्ध लेखनातच पशुवैद्यक अशा रीतीने उपस्थित आहे.

दुसऱ्या शतकातील गेलेन याने अपस्माराचे तीन प्रकार केले. एक मेंदूतच उद्भवणारा, दुसरा जठराच्या मुखापासून वर जाणारा आणि तिसरा शरीराच्या अन्य भागातून उठणारा. यातील दुसऱ्या प्रकाराने एक भाषिक घोटाळा पुढील पिढ्यांच्या हवाली केला. ग्रीक भाषेत 'कार्डिया' या शब्दाचा अर्थ हृदय असाही होतो आणि जठराचे मुख असाही होतो. एकाच शब्दाने दोन अवयव दाखवले गेल्यामुळे 'कार्डिया'पासून होणारा झटका हृदयाचा की पोटाचा, असा पेच वाचकांपुढे उभा राहणे स्वाभाविक होते. पारिभाषिक शब्द सैल राहिला तर विचारही कसा सैल राहतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

हे सर्व ज्ञान अरबी भाषांतरांतून पुढे आले. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांच्या 'अल्-कानून फित्-तिब्ब' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात डोक्यापासून पायांपर्यंत अवयवक्रमाने रोगांची मांडणी आहे. 'सरअ' डोक्याच्या रोगांत येतो आणि 'गशी' हृदयाच्या रोगांत. ही वरवर साधी वाटणारी विभागणी महत्त्वाची आहे. पडणारा माणूस तोच असला तरी त्याच्या पडण्याचे कारण दोन वेगळ्या अवयवांत शोधावे लागते, हे ग्रंथाच्या रचनेतूनच विद्यार्थ्याच्या मनावर ठसत असे. इब्न सीना यांनी हृदयाच्या औषधांवर स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली आणि नाडीपरीक्षेला निदानात मोठे स्थान दिले. पडलेल्या रोग्याची नाडी पाहणे हाच पुढे या कोड्याची उकल करणारा मार्ग ठरला.

एकोणिसावे शतक : पिसाळणे, फेफरे आणि मंद नाडी

श्वानांच्या रोगांचा स्वतंत्र अभ्यास इंग्लंडमध्ये डेलाबेअर ब्लेन यांनी सुरू केला. श्वानरोगांवरील त्यांचा ग्रंथ १८१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सहकारी विल्यम यूएट यांचे श्वानांवरील पुस्तक १८४५ चे आहे. यूएट यांचा विशेष अभ्यास रेबीजचा, म्हणजे पिसाळण्याचा होता. त्या काळात रस्त्यात झटका येऊन तोंडाला फेस आलेला कुत्रा दिसला की लोक त्याला पिसाळलेला समजत आणि ठार करीत. प्रयोगशाळेत खात्री करून घेण्याचे साधन नव्हते. पाश्चरची लस १८८५ ची आणि मेंदूतील निदानदर्शक नेग्री पिंडांचा शोध १९०३ चा. तोपर्यंत केवळ निरीक्षण हाच आधार होता. अपस्माराचा झटका थोड्या वेळात ओसरतो व कुत्रा पूर्ववत होतो, पिसाळणे मात्र दिवसेंदिवस वाढत जाते, हा भेद ज्याला ठाऊक होता त्याच्या हातून एक निरपराध जीव वाचत असे.

याच सुमारास डब्लिनमध्ये दुसरा धागा गवसत होता. रॉबर्ट ॲडम्स यांनी १८२७ मध्ये एका वृद्ध रोग्याची हकिकत प्रसिद्ध केली. त्याची नाडी अत्यंत मंद होती आणि त्याला वारंवार झटके येत. मेंदूचा विकार येथे दुय्यम असून मूळ दोष हृदयात आहे, असे ॲडम्स यांनी सुचवले. विल्यम स्टोक्स यांनी १८४६ मध्ये अशाच रोग्यांचे वर्णन केले. इटलीचे मॉर्गान्यी यांनी १७६१ मध्येही मंद नाडी व झटके यांची सांगड घातली होती. पुढे या विकाराला ॲडम्स आणि स्टोक्स यांचे नाव मिळाले. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून निघालेला संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत पोचत नाही, ठोके थांबतात, मेंदू रक्ताविना राहतो आणि रोगी कोसळतो. काही वेळा त्याला आचकेही येतात. अपस्मारासारखी दिसणारी प्रत्येक गोष्ट मेंदूतून सुरू होत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

मेंदूच्या बाजूने निर्णायक पुरावा मात्र श्वानांनीच दिला. १८७० मध्ये बर्लिन येथे गुस्टाव फ्रिट्‌श आणि एडुआर्ड हिट्‌सिश यांनी कुत्र्यांच्या मेंदूच्या बाह्यस्तराला सौम्य विद्युत्‌प्रवाह दिला. ठरावीक जागी प्रवाह दिला असता विरुद्ध बाजूचा पाय हलतो, असे त्यांना दिसून आले. काही कुत्र्यांना त्या उत्तेजनानंतर झटकेही आले. इंग्लंडमध्ये जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी रोग्यांच्या निरीक्षणावरून अपस्मार म्हणजे मेंदूच्या पेशींतील अचानक, अतिरिक्त विसर्जन होय, असे १८७३ मध्ये मांडले. रुग्णशय्येजवळचा तर्क आणि प्रयोगशाळेतील कुत्र्याचा मेंदू एकाच निष्कर्षाकडे बोट दाखवू लागले.

त्यानंतर १९०६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ए. ई. रसेल यांनी झटक्याच्या आरंभी रोग्याची नाडीच थांबल्याची नोंद केली. यामुळे प्रश्नाला तिसरी बाजू मिळाली. हृदय थांबल्याने झटका येऊ शकतो हे ठाऊक झाले होते. आता झटक्याबरोबर हृदय थांबू शकते, ही शक्यताही पुढे आली. त्या वेळी या दोहोंतील कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवण्याचे यंत्र नव्हते. ते यंत्र मात्र तयार होत होते.

जिमीचे पाय आणि नेमिन्स्कीचा आलेख

ऑगस्टस डेझिरे वॉलर यांनी १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात माणसाच्या हृदयाची विद्युत्‌क्रिया शरीराच्या पृष्ठभागावरून नोंदवली. त्यांचे प्रात्यक्षिक प्रसिद्ध झाले ते जिमी या त्यांच्या बुलडॉगमुळे. जिमीचे पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत ठेवले की त्याच्या हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर उपकरणातील पारा हलताना दिसे. १९०९ मध्ये रॉयल सोसायटीच्या संमेलनात हे प्रात्यक्षिक झाल्यावर ब्रिटिश संसदेत त्यावर प्रश्न विचारला गेला. प्राण्यांच्या छळाविरुद्ध १८७६ चा कायदा होता आणि जिमीचा छळ झाला, अशी तक्रार होती. गृहमंत्री हर्बर्ट ग्लॅडस्टन यांनी उत्तर दिले की, ज्या द्रवात कुत्रा उभा होता ते केवळ मीठ घातलेले पाणी होते. समुद्रात पाय बुडवणाऱ्याला जे वाटते त्याहून वेगळे जिमीला वाटले नसावे, असा त्या उत्तराचा आशय होता. श्वानावरील संशोधनाचा इतिहास बहुतांशी वेदनेचा आहे. जिमीचे उदाहरण त्याला सुखद अपवाद होय.

नेदरलँड्सचे विलेम आइंटहोवेन यांनी तंतू-गॅल्व्हानोमीटर तयार करून हृदयाचा आलेख अचूक केला. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूच्या बाजूनेही असेच घडत होते. युक्रेनमधील शरीरशास्त्रज्ञ व्लादिमीर प्रावदिच-नेमिन्स्की यांनी १९१२-१३ मध्ये कुत्र्याच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचा आलेख नोंदवून प्रसिद्ध केला. हान्स बर्गर यांनी माणसाचा असा आलेख १९२४ मध्ये प्रथम घेतला व १९२९ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे मेंदूच्या आलेखाचा मान श्वानाला माणसाच्या आधी मिळाला. हृदयाचा आलेख आणि मेंदूचा आलेख एकाच वेळी, एकाच प्राण्यावर घेता येऊ लागल्यावर 'प्रथम काय घडले?' या प्रश्नाला उत्तर मिळण्याची सोय झाली.

पिठातील विष

दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटन व अमेरिकेत कुत्र्यांना एका विचित्र रोगाने ग्रासले. कुत्रा अचानक घाबरतो, भुंकत सैरावैरा धावतो, भिंतींवर आदळतो आणि शेवटी आचके येऊन पडतो. या रोगास 'श्वानांचा उन्माद' असे नाव पडले. जंत, जीवनसत्त्वांचा अभाव, संसर्ग अशी अनेक कारणे सांगितली गेली.

मुडदूस व 'ड' जीवनसत्त्व यांवरील संशोधनामुळे ख्याती पावलेले एडवर्ड मेलनबी यांनी १९४६ मध्ये याचे खरे कारण दाखवून दिले. गव्हाचे पीठ पांढरे करण्यासाठी गिरण्या 'एजीन' नावाने नायट्रोजन ट्रायक्लोराइड वापरीत. अशा पिठाचे खाद्य दिल्यावर कुत्र्यांना झटके येत. प्रक्रिया न केलेल्या पिठाने येत नसत. पुढे पिठातील प्रथिनांवर एजीनची क्रिया होऊन मेथिओनिन सल्फॉक्सिमिन हा विषारी पदार्थ तयार होतो, असे आढळले. माणसांना यामुळे अपस्मार होतो असे सिद्ध झाले नाही. तरीही सावधगिरी म्हणून अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीस व ब्रिटनमध्ये १९५० च्या दशकाच्या मध्यास एजीनचा वापर थांबवण्यात आला. ज्याच्या भाकरीचा तुकडा कुत्र्याला मिळतो, त्या माणसाच्या भाकरीतील दोष कुत्र्याने आधी सोसून दाखवला. आजही नवीन झटके सुरू झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत खाद्य व विषबाधा यांची चौकशी प्रथम करतात, त्यामागे या प्रकरणाची शिकवण आहे.

औषधे : ब्रोमाइड, मीठ आणि हृदय

१८५७ मध्ये लंडनचे चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा अपस्मारात उपयोग होतो, असे सांगितले. अपस्मारावर खऱ्या अर्थाने गुण देणारे हे पहिले औषध होय. १९१२ मध्ये आल्फ्रेड हाउप्टमान यांनी फेनोबार्बिटालचा गुण दाखवला. माणसांच्या उपचारातून ब्रोमाइड पुढे मागे पडले. श्वानांच्या उपचारात मात्र विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ते पुन्हा रूढ झाले आणि फेनोबार्बिटालबरोबर मुख्य औषध म्हणून वापरले जाऊ लागले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने श्वानांसाठीच्या एका पोटॅशियम ब्रोमाइड औषधाला २०२१ मध्ये सशर्त मान्यता दिली.

येथेच हृदय व अपस्मार यांची व्यवहारात गाठ पडते. ब्रोमाइडचा शरीरातील निचरा मूत्रपिंडातून होतो आणि मूत्रपिंड ब्रोमाइडला क्लोराइडसारखेच वागवते. खाद्यात मीठ जास्त असेल तर क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही अधिक बाहेर पडते. मीठ कमी केले तर ब्रोमाइड शरीरात साचते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अत्यल्प क्लोराइडच्या खाद्यावर असलेल्या कुत्र्यांत ब्रोमाइडचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ६९ दिवस लागले, तर भरपूर क्लोराइडच्या खाद्यावर सुमारे २४ दिवस. हृदयरोग झालेल्या कुत्र्याचे मीठ कमी करण्याचा सल्ला परंपरेने दिला जातो. अशा कुत्र्याला अपस्मारासाठी ब्रोमाइडही चालू असेल आणि दोन वैद्यांचे आपसांत बोलणे नसेल तर काय होईल, याची कल्पना करता येते. मात्रा तीच, पण रक्तातील प्रमाण हळूहळू वाढते. कुत्रा लटपटतो, सुस्त होतो, मागचे पाय ओढतो. घरच्यांना वाटते की हृदयरोग वाढला. याउलट हृदयरोगात फुप्फुसांतील पाणी उतरवण्यासाठी फ्युरोसेमाइड दिले तर क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही वाहून जाते, प्रमाण घटते आणि थांबलेले झटके परत सुरू होऊ शकतात. यात आणखी एक फसगत आहे. प्रयोगशाळेतील अनेक यंत्रे ब्रोमाइडला क्लोराइड समजतात, त्यामुळे अहवालात क्लोराइड खोटेच वाढलेले दिसते.

फेनोबार्बिटाल यकृतातील विकरांना चालना देते. त्यामुळे प्रोप्रॅनोलॉलसारखी काही हृदयाची औषधे शरीरातून लवकर नाहीशी होतात. मेंदूसाठी दिलेले औषध हृदयाच्या औषधाचा जोर अशा रीतीने कमी करू शकते.

याच्या उलट दिशेचा प्रवासही इतिहासात आहे. हूस्टन मेरिट व ट्रेसी पुटनम यांनी मांजरांवरील प्रयोगांतून फेनिटॉइनचा अपस्मारविरोधी गुण ओळखला व १९३८ मध्ये ते रोग्यांना दिले. १९५० मध्ये हॅरिस व कोकरनॉट यांनी हृदयधमनी बांधून ज्यांच्या हृदयाची लय बिघडवली होती अशा कुत्र्यांना हेच औषध दिले. तेव्हा त्यांच्या बिघडलेल्या लयीला आवर बसला. मेंदूतील बेबंद विसर्जन शमवणारे औषध हृदयातील बेबंद विसर्जनही शमवू शकले. पुढे माणसांतही डिजिटॅलिसच्या विषबाधेने बिघडलेल्या लयीसाठी ते वापरले गेले. दोन्ही अवयव विद्युत्‌संदेशांवर चालतात, या साम्याचा हा पुरावा होय. कुत्र्याचे शरीर फेनिटॉइनचा निचरा इतक्या वेगाने करते की, श्वानांच्या अपस्मारात त्या औषधाचा फारसा उपयोग झाला नाही. ज्यांच्यावर प्रयोग झाले त्यांना लाभ मिळाला नाही, हा या हकिकतीतील खेदाचा भाग.

व्हेगस : दोन अवयवांमधील तार

मेंदूतून निघून मानेवाटे हृदय व पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूला उत्तेजन दिल्यास हृदय मंदावते किंवा थांबते, हे वेबर बंधूंनी १८४५ मध्ये दाखवले होते. डोळ्यांवर दाब दिल्यासही याच मार्गाने हृदय मंदावते. हे १९०८ मध्ये आश्नर व डान्यीनी यांनी वर्णिले. जेकब झबारा यांनी १९८० च्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग करून व्हेगसला विद्युत् उत्तेजन दिले असता झटके थांबवता येतात, असे दाखवले. या कामातून निघालेल्या उपकरणाला अमेरिकेत १९९७ मध्ये माणसांसाठी मान्यता मिळाली.

या वेळी लाभ परत श्वानांकडेही आला. १९९९ मध्ये डोळ्यांवर दाब देऊन झटके आवरण्यास मदत झाल्याचा सात कुत्र्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या १० कुत्र्यांमध्ये व्हेगसला उत्तेजन देणारे उपकरण बसवून पाहण्यात आले. संपूर्ण कालावधीचा विचार करता फरक ठळक नव्हता, पण अखेरच्या चार आठवड्यांत झटके कमी झाले. हे उपकरण मानेच्या डाव्या बाजूस बसवतात. उजवा व्हेगस हृदयाच्या लयकेंद्राशी अधिक निगडित असल्याने त्या बाजूस हृदय मंदावण्याचा धोका जास्त मानतात. मेंदूवर उपचार करताना हृदयाचा विचार टाळताच येत नाही, याचे हे दृश्य रूप आहे.

जातिवंत श्वानांचा प्रश्न

माणसाने विशिष्ट रूपासाठी जोपासलेल्या श्वानजातींत हा संभ्रम अधिक गुंतागुंतीचा झाला. बॉक्सर जातीत हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्याच्या स्नायूचा एक आनुवंशिक विकार आढळतो. त्यात हृदयाची लय अचानक बिघडून कुत्रा कोसळतो, तर काही वेळा एकाएकी मरतो. याच जातीत अपस्मारही आढळतो. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल या जातीत हृदयाच्या मिट्रल झडपेचा विकार फार मोठ्या प्रमाणात व लहान वयात होतो. त्यामुळे मूर्च्छा येते. याच जातीत झटक्यांचे आजारही नोंदले गेले आहेत. त्यातच १९८३ मध्ये या जातीत एक तिसराच विकार वर्णिला गेला. श्रमानंतर कुत्र्याचे पाय आखडून तो पडतो, पण शुद्ध हरपत नाही. याला हृदयही कारण नाही आणि अपस्मारही नाही. २०१२ मध्ये त्याचे मूळ एका जनुकातील त्रुटीत सापडले. एकाच जातीच्या कुत्र्याच्या एकाच प्रकारच्या पडण्यामागे तीन वेगळी कारणे असू शकतात, हे यावरून कळते.

अलीकडील अभ्यास

झटका मेंदूतच सुरू झाला तरी हृदय त्यातून सुटत नाही. तीव्र झटक्याच्या वेळी ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये मोठ्या प्रमाणात रक्तात येतात, नाडी व रक्तदाब वाढतो. १९८२ मध्ये अमेरिकी पशुवैद्यकीय नियतकालिकात मज्जासंस्थेच्या आघातानंतर पाळीव प्राण्यांच्या हृदयस्नायूचा नाश झाल्याचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले. लांबलेल्या झटक्यांनंतर फुप्फुसांत पाणी साचू शकते. हृदय सुदृढ असूनही हे घडते, म्हणून ते हृदय निकामी झाल्याचे लक्षण समजण्याची चूक होऊ शकते. अपस्माराच्या रोग्यांत अचानक होणाऱ्या मृत्यूचा प्रश्न माणसांत विशेष अभ्यासला गेला आहे आणि श्वानांतही त्याची दखल घेतली जाऊ लागली आहे.

उलट दिशेचे उदाहरण २००९ चे आहे. अपस्मार समजल्या गेलेल्या तीन मांजरांच्या झटक्यांमागे हृदयातील विद्युत्‌मार्गाचा अधूनमधून होणारा अडथळा असल्याचे आढळले. ॲडम्स यांचा वृद्ध रोगी जणू १८० वर्षांनी मांजराच्या रूपात पुन्हा भेटला.

रक्ताच्या एखाद्या तपासणीने हा पेच सुटेल अशी आशा होती. हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारे ट्रोपोनिन हे द्रव्य मूर्च्छा व अपस्मार यांत फरक दाखवते काय, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पाहिले गेले. हृदयजन्य मूर्च्छेत ते अधिक आढळले खरे, पण दोन्ही गटांतील आकडे एकमेकांत इतके मिसळले की एकट्या कुत्र्याचे निदान केवळ त्यावर करता येईना.

२०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय अपस्मार कृतिगटाने आपले एकमताचे निबंध प्रसिद्ध केले. किमान २४ तासांच्या अंतराने, बाह्य कारणाविना दोन वा अधिक झटके आले तर अपस्मार म्हणावे, हा त्यातील निकष आहे. सर्वसाधारण श्वानांत कारण न सापडणाऱ्या अपस्माराचे प्रमाण ०.६ ते ०.७५ टक्के असल्याचा अंदाज त्यात नमूद आहे. अपस्मार म्हणण्यापूर्वी मूर्च्छेसारखे विकार वगळावेत, यावरही या निबंधांचा भर आहे. इब्न सीना यांच्या ग्रंथातील दोन प्रकरणांमधील रेषा येथे नव्या परिभाषेत पुन्हा आखलेली दिसते.

समारोप

एवढ्या यंत्रांनंतरही निदानाची पहिली पायरी जुनीच राहिली आहे, ती म्हणजे निरीक्षण. श्रम, आनंदाचा भर किंवा खोकल्याची उबळ यांच्या वेळी कुत्रा पडला, अंग सैल पडले, हिरड्या पांढुरक्या झाल्या आणि काही सेकंदांत तो उठून पूर्ववत वागू लागला, तर हृदयाचा संशय अधिक. विश्रांतीत किंवा झोपेत झटका आला, अंगाला लयबद्ध आचके आले, लाळ गळली आणि नंतर काही काळ तो गोंधळलेला, आंधळ्यासारखा धडपडत राहिला, तर अपस्माराचा संशय अधिक. यांपैकी कोणतेही एक लक्षण निर्णायक नाही. मूर्च्छेतही अंग ताठ होऊ शकते आणि लघवी दोन्हींत होऊ शकते. म्हणून झटक्यापूर्वी, झटक्यात व झटक्यानंतर काय घडले ते क्रमाने सांगणारा साक्षीदार वैद्याला सर्वांत मोलाचा वाटतो. आता मोबाईलवरील चित्रफीत हे काम करते. त्याबरोबर हृदयाचा आलेख घ्यावा लागतो. झटका कधी येईल हे सांगता येत नसल्याने तो पुष्कळदा २४ तास अंगावर बांधून ठेवावा लागतो.

या इतिहासात श्वान तीन भूमिकांत दिसतो. बर्लिन आणि कीव्ह येथे तो प्रयोगाचे साधन होता, मेलनबींच्या प्रयोगशाळेत तो माणसासाठी धोक्याची सूचना देणारा ठरला आणि रोगी म्हणून त्याची दखल सर्वांत शेवटी घेतली गेली. त्याच्या मेंदूने आणि हृदयाने माणसाच्या वैद्यकाला जे दिले, त्याची परतफेड एका साध्या सवयीने सुरू होते. तो कोसळला असता लगेच नाव न देता त्याच्या छातीवर हात ठेवून ठोके मोजावेत.